‘हावेला’वरचं हळू झालेलं मशीन

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि तोर्दिस न्यूगोर्डच्या टेबलावर ‘हावेला’ बोटीवरचा कॉम्प्युटर या हिवाळ्यात तिसऱ्यांदा उघडा पडला होता. बाजूचा पत्रा काढून तिने भिंतीला टेकवला, दिवा खाली ओढला आणि फॅनच्या पात्यांवरून कापसाचा बोळा फिरवला. बोळा पांढराच राहिला. पंधरवड्यापूर्वी तिनेच तो फॅन साफ करून बसवला होता. तो अजून तसाच होता, आणि तिला तेच आवडलं नाही.

शेजारच्या स्टुलावर, दाराकडे पाठ करून, आर्नल्योत बसला होता. ‘हावेला’ त्याची. मालक तोच, खलाशी तोच, इंजिन बघणारा तोच. वय एकाहत्तर. बाहेर काळोख होता आणि धक्का रिकामा होता, कारण कॉड मासा किनाऱ्याशी आला होता आणि बाकीच्या बोटी कधीच निघून गेल्या होत्या. ‘हावेला’ तेवढी दोराला बांधलेली. मशीन इथे टेबलावर असताना ती जाणार कशी? आर्नल्योतने येताक्षणीच सांगून टाकलं होतं की मशीन नीट चाललं तर तो उद्या समुद्रावर, नाही चाललं तर हंगाम गेला. आणि या वयात गेलेला हंगाम पुन्हा कुणी हातात देत नाही.

नॉर्वेच्या उत्तर टोकाकडच्या या गावात एकट्याने बोट चालवणारे अजून सात-आठ जण आहेत. प्रत्येकाच्या केबिनमध्ये असा एक जुना डेस्कटॉप असतो, रबराच्या पट्ट्यांनी शेल्फाला आवळलेला. बोट चालते तसा तो समुद्राच्या तळाचा नकाशा काढत जातो. कुठे खडक, कुठे घळ, कुठल्या उतारावर कोणत्या आठवड्यात मासा थांबतो, जाळी कुठे टाकली, कुठे फाटली. आर्नल्योतच्या मशीनमध्ये अशा तीस हिवाळ्यांच्या खुणा होत्या. बायकोशी एक वेळ भांडण होईल, पण या खुणा माणूस दुसऱ्याला दाखवत नाही. रेडिओवर कुणी विचारलं, कुठे आहेस, तर उत्तर ठरलेलं असतं: ते तुला कशाला सांगू? ऐकणारा हसतो. विचारणाऱ्यालाही दुसरं उत्तर नकोच असतं.

म्हणून या खुणांची दुसरी प्रत कुणी ठेवत नाही. प्रत म्हणजे कुणाच्या तरी हाती लागायची वस्तू. तोर्दिसने वीस वर्षं प्रत्येकाला सांगून पाहिलं की एक प्रत काढून घरी ठेव, डिस्क कधी दगा देईल सांगता येत नाही. ऐकलं कुणीच नाही. शेवटी तिने सांगणं सोडलं आणि स्वतःला एक शिस्त लावून घेतली. नकाशा उघडायची वेळ आली की स्क्रीन मालकाकडे वळवायचा आणि आपण घड्याळ बघायचं. मशीन किती वेळात उठतं, किती तापतं, किती जागा व्यापतं, एवढंच तिच्या कामाचं. तिच्याकडे गिऱ्हाईक येत होतं ते हातातल्या कसबामुळे जितकं, तितकंच या न बघण्यामुळे.

तिचा बाप मच्छी केंद्रात कॉडची मुंडकी उडवायचा. एकोणिसाव्या वर्षी ती किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रात लागली आणि बोटींना वादळाचे इशारे वाचून दाखवू लागली. वीस वर्षं हा किनारा तिच्या आवाजाने झोपायचा आणि उठायचा. मग केंद्र बंद झालं, काम शहरात गेलं. कामामागून तिचा नवराही गेला, कारण तोही त्याच केंद्रात कामाला होता. ती राहिली. इलेक्ट्रॉनिक्सचा एक कोर्स केला आणि माशाच्या तेलाच्या जुन्या कारखान्यात तळमजल्यावर कार्यशाळा उघडली. भिंतींना अजून तेलाचा वास येतो. नवं विकायचं तिच्या हाती फारसं नसतं. नकाशाचा प्रोग्रॅम जुन्याच मशीनवर, जुन्याच पद्धतीने चालतो. मग जुन्यालाच पळतं ठेवायचं, हाच तिचा धंदा.

‘हावेला’चं मशीन पहिल्यांदा आलं नोव्हेंबरात. आर्नल्योत म्हणाला होता, “हे माझ्याहून म्हातारं झालंय गं. बटण दाबलं की विचार करत बसतं.” तिने उघडलं तेव्हा आत डिझेलच्या काजळीचा आणि मिठाचा थर होता, वाळलेल्या चिखलासारखा. प्रोसेसरवरची, उष्णता खेचून घेणारी पेस्ट सुकून पापुद्रा झाली होती. तापलं की मशीन जळू नये म्हणून आपणहून मंद होतं, यात त्याचा दोष नसतो. तिने थर खरवडला, स्पिरिटने पुसलं, नवी पेस्ट लावली, फॅनला तेल दिलं. मशीन निम्म्या वेळात उठलं. आर्नल्योत खूश होऊन गेला.

जानेवारीत परत आला. पुन्हा तीच तक्रार. या वेळी तिने हार्ड डिस्कला कान लावला. इंजिनाच्या थरथरीने ती आतून खरखरत होती. फिरतं काही नसलेली नवी डिस्क तिने बसवली, रॅम वाढवली, मशीन उठताना उगाच जागे होणारे डझनभर प्रोग्रॅम बंद केले. जुन्या डिस्कवरचं नव्या डिस्कवर उतरायला वेळ लागला, तेवढा वेळ तो जागचा हलला नाही. काम झाल्यावर जुनी डिस्क त्याने खिशात घातली आणि बंदराच्या तोंडाशी जाऊन पाण्यात टाकली. सगळेच असं करतात. “तरणा घोडा झालाय,” असं तो त्या दिवशी म्हणाला होता.

मच्छी केंद्राच्या कॉफीघरात मात्र वेगळीच मौज चालली होती. ‘ब्रोत्तेन’ बोटीचा सिग्ब्योर्न, आर्नल्योतहून दहा वर्षांनी लहान आणि तोंडाचा फाटका, सगळ्यांना सांगत होता की म्हातारा यंदा भलताच बेरकी झालाय. बंदरातून निघतो तो उत्तरेला, मग वळतो, मग गोल फिरतो, मग पुन्हा उत्तरेला. दोनदा सिग्ब्योर्नने त्याचा पाठलाग केला आणि दोनदा डिझेल फुकट घालवलं. शहाणा माणूस जिथे गळसुद्धा टाकणार नाही तिथे त्याने जाळी टाकली. सिग्ब्योर्न म्हणायचा, सगळं आपल्याला चकवायला. रेडिओवर तर तो आता बोलतच नाही. कुठे आहेस विचारलं की एकच उत्तर. सगळे हसायचे. तोर्दिसही हसली होती, हातात वॅफल होतं, त्यावर तपकिरी चीजचा काप.

आता तिसऱ्या खेपेला ती शोधत होती आणि काही सापडत नव्हतं. डिस्क ठणठणीत, रॅम ठणठणीत. तासभर ताण देऊन पाहिला तरी मशीन कोमटच राहिलं. नकाशा उघडून बघ म्हणून तिने स्क्रीन आर्नल्योतकडे वळवला आणि घड्याळ धरलं. आवाजावरून तिला कळत होतं की मशीनने आपलं काम संपवलंय. आर्नल्योत मात्र मान हलवत होता.

ती म्हणाली, “यात काही बिघाड नाही रे.”

“मग तुला सापडला नाही.”

हे तिला लागलं. एकच मशीन तीनदा परत येणं म्हणजे गावात नाव जाणं. तिने विचार केला की बिघाड मशीनमध्ये नसेल तर बोटीत असेल. इंजिन चालू झालं की वीज कमी पडत असेल, तारा खाऱ्या हवेने खाल्ल्या असतील. तिने मशीन काखेत घेतलं, मीटर घेतला आणि त्याच्यामागे धक्क्यावर गेली.

केबिनमध्ये डिझेलचा आणि लोकरी मोज्यांचा वास होता. तिने मशीन शेल्फावर आवळलं, इंजिन चालू करायला सांगितलं, मीटरच्या सुया लावल्या. वीज पुरेपूर. दिवे लावले, जाळी ओढायचं चाक फिरवलं, तरी आकडा जागचा हलला नाही. तारा बघितल्या, त्या तिनेच दोन वर्षांपूर्वी ओढलेल्या, चांगल्या होत्या. आता एकच गोष्ट उरली होती. ती म्हणाली, हळू चालतं म्हणजे नक्की काय होतं ते मला बघावं लागेल. म्हणजे स्क्रीनकडे बघावं लागेल. चालेल का?

तो नाही म्हणेल असं तिला वाटलं होतं. तो म्हणाला, “बघ की.” तो ते इतक्या सहज म्हणाला, की तिला तेव्हाच थांबावंसं वाटलं.

त्याने बटण दाबलं. नकाशा लगेच आला. तीस हिवाळ्यांच्या खुणा, सुताच्या गुंत्यासारख्या एकावर एक. या हिवाळ्याच्या रेघा लाल रंगात होत्या. त्या कुठे जात नव्हत्या. स्वतःभोवती फिरून त्या परत स्वतःलाच छेदत होत्या. आर्नल्योतने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि स्क्रीनकडे बघत बसला. इंजिन चालू होतं. ती वाट बघत होती की तो आता काहीतरी करेल. तो काही करत नव्हता.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “बघ. अजून येत नाहीये.”

“काय यायचंय?”

“पुढचं. ह्याच्या पुढचं.”

नकाशा पूर्ण उघडलेला होता. पुढचं असं काही नव्हतं. तोर्दिसने आवाज होता तसाच ठेवून विचारलं की त्याची जाळी आत्ता कुठे आहेत. तो हसला, जसे सगळे हसतात तसा. “ते तुला कशाला सांगू?”

तिलाही थोडं हसू आलं आणि सुटल्यासारखं झालं. नऊ वाजत आले होते, उजाडत होतं, समोर खाडीपलीकडचा सुळका निळा दिसू लागला होता. गावातलं प्रत्येक पोर शाळेच्या पहिल्या वर्षी त्या सुळक्याचं चित्र काढतं. चर्चच्या घंटेवर तो कोरलेला आहे. तिने हनुवटीने तिकडे दाखवलं आणि उगाच विचारल्यासारखं विचारलं, “आणि त्याचं नाव काय रे?”

आर्नल्योतने खिडकीबाहेर बघितलं. पुरेसा वेळ बघितलं. मग तसंच हसून म्हणाला, “ते तुला कशाला सांगू?”

तिने इंजिन बंद केलं. सांगितलं की एक भाग बदलावा लागेल, तो शहरातून मागवायचा आहे, तोवर मशीन माझ्याकडे राहू दे. रबरी पट्ट्या सोडताना तिला जरा वेळ लागला. या धंद्यात गिऱ्हाइकाशी ती पहिल्यांदाच खोटं बोलत होती. त्याने तिचे आभार मानले.

तिथून ती मशीन घेऊनच त्याच्या घरी गेली. बोर्गहिल्ड, त्याची बायको, स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. तोर्दिसच्या हातातलं मशीन बघून तिने सुरी ठेवली. तोर्दिसने काही सांगायच्या आतच तिने सांगायला सुरुवात केली. उन्हाळ्यापासून चाललंय. मोजे कुठले घालायचे ते काढून ठेवावं लागतं. एकदा त्याने कॉफीची किटली भरून फ्रीजमध्ये ठेवली. समुद्रावरून मासे कमी येऊ लागले तेव्हा तो संध्याकाळी टेबलाशी बसून रडायचा, काय झालंय कळत नाही म्हणायचा.

“मीच म्हटलं त्याला, मशीन जुनं झालंय, तोर्दिसला दाखव. त्याला इतकं बरं वाटलं ते ऐकून. म्हणून पुन्हा म्हटलं.”

तोर्दिस म्हणाली की डॉक्टरांना सांगायला हवं. समुद्रावर काम करायचं तर डॉक्टरांचा दाखला लागतो. दाखला गेला की बोट धक्क्याला लागणार. बोर्गहिल्डला हे माहीत होतं. ती म्हणाली, “ईस्टरपर्यंत थांब. हंगाम संपू दे. मग मी त्याला आपणहून घरी बसवते.”

“आणि त्याआधी एक दिवस तो परत आला नाही तर?”

“तर निदान बोटीवर गेला असेल.”

बोर्गहिल्ड हे रागाने म्हणाली नाही. तिने या गोष्टीचा पूर्ण विचार केला होता. तोर्दिसला रेडिओ केंद्रातल्या त्या वेळा आठवल्या, जेव्हा एकाच बोटीच्या नावाने तासन् तास हाका मारत राहायचं असतं आणि दर हाकेनंतर ठरलेला वेळ गप्प बसून ऐकायचं असतं. विचार करते, एवढं म्हणून ती निघाली.

पण विचार करायला वेळ नव्हता, कारण आर्नल्योतची जाळी पाण्यात होती. जाळी रोजच्या रोज ओढावी लागतात. राहिली तर मासा त्यातच मरतो, सडतो, आणि सडलेल्यावर नवा अडकत जातो. जाळी कुठे आहेत हे फक्त त्या मशीनला माहीत होतं. ती कुणाला तरी ओढायला सांगायची तर मशीन उघडून दाखवावं लागणार होतं. वीस वर्षांत तिने स्वतः जे बघितलं नव्हतं ते दुसऱ्याला दाखवायचं.

दुपारी ‘ब्रोत्तेन’ धक्क्याला लागली तेव्हा तिने सिग्ब्योर्नला कार्यशाळेत बोलावलं. तो आत येतानाच बडबडत होता, “काय गं, म्हाताऱ्याचा घोडा पुन्हा लंगडला का?” तिने दार लावलं आणि नकाशा उघडला. लाल रेघांकडे बघता बघता त्याचं तोंड मिटलं. मासे शोधण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. कोणती रेघ डावाची आणि कोणती चुकलेल्या माणसाची, ते त्याला सांगावं लागलं नाही. दोन दिवस ज्याच्या मागे तो फिरला होता, तो कुणालाच चकवत नव्हता.

“आम्ही हसत होतो गं,” तो म्हणाला. मग म्हणाला, “जाळ्यांच्या खुणा तेवढ्या दाखव. बाकीचं मोठं करू नकोस.”

तिने तेवढंच दाखवलं. त्याने हाताच्या पाठीवर पेनाने आकडे लिहून घेतले.

दुसऱ्या दिवशी तो त्या जागी गेला. तीन खुणांपैकी एकीवर जाळं सापडलं, दोन जागी काहीच नव्हतं. आर्नल्योतने जाळी एकीकडे टाकली होती आणि खूण दुसरीकडे केली होती, किंवा खूण केल्यावर पुन्हा उचलून टाकली होती. आता ते कुणीच सांगू शकत नव्हतं. मिळालेल्या जाळ्यातला मासा मऊ पडला होता. सिग्ब्योर्नने तो समुद्रातच सोडला, जाळं धुऊन ‘हावेला’च्या डेकवर ठेवलं, आणि त्याबद्दल कॉफीघरात कुणी काही विचारलं तर उठून जाऊ लागला.

तोर्दिसने त्याच दुपारी आरोग्य केंद्रात फोन केला. डॉक्टर तरुण बाई होती, गावात येऊन वर्षही झालं नव्हतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि नाव विचारलं. स्वतःचं नाव सांगताना तोर्दिसचा आवाज रेडिओवर असायचा तसा सपाट होता. पुढच्या आठवड्यात आर्नल्योतला बोलावणं आलं. त्याला घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, महिना विचारला, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. बोर्गहिल्ड सोबत होती. परत येताना तिने दाखला रद्द झाल्याचं त्याला सांगितलं नाही. मशीनचा भाग अजून आलेला नाही, एवढंच म्हणाली. कोणता भाग, हे तिने तोर्दिसला कधी विचारलं नाही, आणि तेव्हापासून ती तोर्दिसशी बोलतही नाही. दुकानात समोरासमोर आल्या की बोर्गहिल्ड पिठाच्या पुड्यांवरचं वाचू लागते.

गावात दोन तट पडले. कुणी म्हणालं बरं केलं. कुणी म्हणालं, माणसाने माणसाच्या समुद्राआड येऊ नये. एका जुन्या गिऱ्हाइकाने आपलं मशीन शहरात पाठवलं, आणि कारण सांगितलं नाही. ते तिला कळलंच. तिने खुणा दाखवल्या होत्या; कुणासाठी आणि कशासाठी, हे त्या माणसाच्या दृष्टीने दुय्यम होतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ‘ब्रोत्तेन’ भरून आली. पुढच्या दिवशीही. जिथे आजवर फक्त आर्नल्योत जायचा त्या उतारावर सिग्ब्योर्नने जाळी टाकली होती. त्या दुपारी कार्यशाळेत तो बाकीचं मोठं करू नकोस म्हणाला होता, पण त्याने डोळे मिटले नव्हते. तोर्दिसने त्याला काही विचारलं नाही आणि त्यानेही काही सांगितलं नाही. आठवड्यातून दोनदा बोर्गहिल्डच्या दाराशी तो कॉडचं एक खोकं ठेवतो, काळीज आणि गाबोळी वेगळी काढून, जशी आर्नल्योतला लागते तशी. बोर्गहिल्ड ते आत घेते.

आर्नल्योत रोज सकाळी कार्यशाळेत येतो. दाराकडे पाठ करून बसतो आणि भाग आला का विचारतो. तोर्दिस नाही म्हणते. मग तो टेबलावरच्या दुसऱ्या कुणाच्या मशीनकडे बघत राहतो, कधी त्यालाच आपलं समजतो, आणि तिने पेस्ट लावताना हात कसा धरला आहे त्यावर एखादी बरोबर सूचना करतो. दहाच्या सुमारास बोर्गहिल्ड रस्त्यापलीकडे येऊन उभी राहते. आत येत नाही. तो तिला बघतो आणि उठतो.

‘हावेला’चं मशीन आतल्या कपाटात आहे. तोर्दिसने त्यातल्या खुणांची प्रत अजून काढलेली नाही. ज्याची परवानगी घ्यायची तो ती देऊ शकत नाही, आणि जी देऊ शकते ती बोलत नाही. बोट विकायला निघाली आहे. घेणाऱ्याने दोनदा विचारलं, मशीन बोटीसोबत येणार की नाही. सिग्ब्योर्ननेही एकदा विचारलं, सहज विचारल्यासारखं. तिने दोघांनाही उत्तर दिलेलं नाही.

उद्या बुधवार. कार्यशाळा सात वाजता उघडेल. पहिलं काम मच्छी केंद्रातलं आहे: वजनकाट्याला जोडलेला कॉम्प्युटर सुरू व्हायला फार वेळ घेतो, आणि बोटी परत यायच्या आत, म्हणजे दोनपर्यंत, तो जागेवर लागायला हवा.